मोहरी, रिठा, वाळा आणि मातीचं दुखणं

मार्च सरत आला, की न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये काही ठरलेले संवाद सुरू होतात. "यंदा मेथी कधी पेरणार?" "अळूचे कंद आहेत का हो तुमच्याकडे जास्तीचे?" "मिरचीची रोपं आत खिडकीत करून ठेवा, मेपर्यंत बाहेर काढू नका." मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात तिळगुळाच्या वेळी झाली नसेल इतकी देवघेव रोपांची होते. कढीपत्त्याचं एक रोप कुणी आणलं, तर त्याच्याभोवती हळदीकुंकवाइतकी गर्दी जमते. बियाणं, खत, ऊन, ससे आणि हरणं या सगळ्यांवर तास तास चर्चा होते. एकच गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. ती म्हणजे, ज्या मातीत हे सगळं लावायचं, ती माती कशी आहे?

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. वाचकहो, विषय थोडा शास्त्रीय आहे, पण घाबरू नका. यातली मुख्य पात्रं तुमच्या ओळखीची आहेत. एक फोडणीच्या डब्यात असतं, एक न्हाणीघरात असायचं आणि एक उन्हाळ्यात पाण्याच्या माठात.

आमच्या परसातला रिपोर्ट

आमचं घर जुन्या गावातलं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेलं. ट्रेनचं स्टेशन जवळ, झाडं मोठी, म्हणून आम्ही ते घेतलं. आमच्या आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा त्यांची नजर दक्षिणेकडच्या भिंतीलगतच्या पट्ट्यावर गेली. "एवढी उन्हाची जागा मोकळी का सोडलीत? इथं अळू, मेथी आणि मुळा मजेत येईल," असं म्हणून त्यांनी खुरपं मागितलं. आमचा धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता. आजीच्या मागे मागे मातीत बसायचं आणि माती तोंडात घालायची हा त्याचा आवडता उद्योग.

आमच्या मंडळातल्या एका पर्यावरण इंजिनियर मित्राने सांगितलं, की जुनं घर आहे तर आधी मातीचा नमुना तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाच्या मातीपरीक्षण प्रयोगशाळेकडे थोड्या पैशांत हे काम होतं. आम्ही दोन ठिकाणची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून पाठवली. मागच्या कुंपणाजवळची माती ठीक निघाली. भिंतीलगतच्या मातीत मात्र शिसं ६०० पीपीएमच्या वर. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. स्वच्छ जमिनीत शिसं साधारण १० ते ५० पीपीएम असतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, घराभोवतालच्या मातीसाठी काळजीची पातळी २०२४ च्या जानेवारीत ४०० वरून २०० वर आणली. आमचा पट्टा त्या पातळीच्या तिप्पट होता.

आईंना आम्ही हे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन साधे प्रश्न विचारले. "मग ही माती धुता येत नाही का? आणि झाडं शोषून घेत नाहीत का ते शिसं?"

गंमत म्हणजे, जगभरचे शास्त्रज्ञ गेली तीस-चाळीस वर्षं नेमके हेच दोन प्रश्न सोडवत आहेत.

शिसं आलं कुठून?

या देशात घरांना लावायच्या रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांच्या बाहेरच्या भिंतींचा रंग वर्षानुवर्षं पोपडे होऊन, खरवडला जाऊन भिंतीच्या पायथ्याशी पडत राहिला. म्हणूनच भिंतीलगतची चार-पाच फुटांची पट्टी सर्वांत वाईट असते. दुसरा वाटा पेट्रोलचा. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत १९९६ च्या सुरुवातीला पूर्ण बंद झालं, भारतात २०००च्या सुमारास, आणि जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, २०२१ मध्ये ते सोडलं. पण धुराड्यातून बाहेर पडलेलं शिसं रस्त्याकडेच्या मातीत अजून तसंच आहे. शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, सडत नाही, पावसाने फारसं वाहूनही जात नाही. मातीच्या वरच्या काही इंचांत ते चिकटून बसतं. आपण घर विकून गेलो तरी ते जात नाही, पुढच्याला तसंच्या तसं मिळतं.

मोठ्यांपेक्षा लहान मुलांना त्याचा धोका जास्त. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिकणं, लक्ष लागणं, वागणं यांवर तो उमटतो. मुलांच्या बाबतीत शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं सांगताच येत नाही. न्यू जर्सीत एक आणि दोन वर्षांच्या वयाला प्रत्येक मुलाची रक्तचाचणी करायची असते ती याचसाठी. धाकट्याची आम्ही लगेच करून घेतली. आकडा बरा आला आणि घरातला श्वास मोकळा झाला.

मोहरीची करामत

आता आईंचा दुसरा प्रश्न आधी घेऊ. झाडं शोषून घेत नाहीत का?

घेतात. काही झाडं तर इतकी हावरटपणे घेतात, की थक्क व्हावं. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे. त्याचा चीक निळसर हिरवा असतो, कारण तो वाळवला तर त्याच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा निकेल निघतं. ही गोष्ट १९७६ मध्ये 'सायन्स' मासिकात छापून आली. पुढे १९८३ मध्ये अमेरिकन शेतीखात्याचे रूफस चेनी यांनी अशी कल्पना मांडली, की अशी झाडं लावून, कापून, पुन्हा लावून जमिनीतला धातू पिकासारखा काढून का नेऊ नये? या पद्धतीला फायटोरेमेडिएशन म्हणतात. 'फायटो' म्हणजे वनस्पती, आणि पुढचा शब्द उपचाराचा. आपण वनस्पतिचिकित्सा म्हणू, फक्त इथे रोगी आहे जमीन.

१९९० च्या दशकात हे काम जिथे सर्वांत जोरात चाललं, ते ठिकाण आपल्यातल्या अनेकांच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे : रटगर्स विद्यापीठ. तिथल्या इल्या रास्किन यांच्या गटाने अनेक झाडं तपासली. शिशासाठी त्यांना सर्वांत उपयोगी वाटली ती 'ब्रासिका जन्सिया', इंग्रजीत इंडियन मस्टर्ड. म्हणजे आपली फोडणीची मोहरी! १९९५ मध्ये या गटाचा जो महत्त्वाचा शोधनिबंध निघाला, त्यात पहिलं नाव पी. बी. ए. नंदकुमार असं आहे. मोहरीची शिफारस करायला नंदकुमारच हवेत, असं आम्ही गमतीने म्हणतो.

मोहरीच का? ती भराभर वाढते, पाला भरपूर देते, आणि मुळांनी घेतलेला धातू वर देठापानांत पोचवते. नुसता मुळांत साठवला तर काढायचा कसा? वर आला, की कापून नेता येतो.

रास्किन यांच्या कामातून 'फायटोटेक' नावाची कंपनी निघाली आणि १९९७-९८ मध्ये तिने ट्रेंटनला, आपल्या राज्याच्या राजधानीत, ईपीएच्या देखरेखीखाली मोठा प्रयोग केला. जागा होती वस्तीला लागून असलेला 'मॅजिक मार्कर'चा बंद कारखाना. मार्कर पेनं बनायच्या आधी तिथे मोटारीच्या बॅटऱ्या बनत, आणि बॅटरी म्हणजे शिसं आलंच. त्या जमिनीत मोहरी पेरली गेली. बाजूने जाणाऱ्या एखाद्या गुजराती किंवा पंजाबी बाईंना वाटलं असेल, कुणी तरी सरसोंची शेती केली!

पण इथे एक अडचण असते. मातीतलं शिसं मातीला इतकं घट्ट बसलेलं असतं, की ते मुळांना मिळतच नाही. ते सुटं करायला शास्त्रज्ञांनी ईडीटीए नावाचं रसायन घातलं. अशा रसायनांना जे 'कीलेट' नाव आहे, ते खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. नांगीने पकडावं तसं ते धातूच्या कणाला दोन्ही बाजूंनी धरतं आणि पाण्यात उतरवतं. शिशाची विषबाधा झालेल्या रोग्याला डॉक्टर याच जातीचं औषध शिरेतून देतात. मातीत ते घातलं, की मोहरीच्या पानांत शिसं एकदम चढतं.

जरा हिशेब करू

आता आपण मध्यमवर्गीय मराठी माणसं. करामत ऐकली की हिशेब केल्याशिवाय झोप येत नाही. करून पाहू.

समजा, परसाचा १०० चौरस मीटरचा तुकडा आहे, म्हणजे साधारण हजार-अकराशे चौरस फूट. वरची सहा इंच माती धरली तर तिचं वजन सुमारे २० टन. त्यात ६०० पीपीएम शिसं म्हणजे १२ किलो. ते २०० पीपीएमपर्यंत उतरवायचं तर ८ किलो बाहेर काढायला हवं.

मोहरीचं चांगलं पीक आलं, तर इतक्या जागेत वाळलेला पाला मिळेल ६० किलोच्या आसपास. ईडीटीए न घालता पाल्यात समजा ५० पीपीएम शिसं उतरलं, तर एका पिकाला निघालं ३ ग्रॅम. आठ किलो काढायला अडीच हजारांहून जास्त पिकं लागतील. वर्षाला तीन पिकं घेतली तरी जवळजवळ नऊशे वर्षं! ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या आधी कुणी पेरायला सुरुवात केली असती, तर आत्ता कुठे परस साफ झालं असतं.

ईडीटीए घातल्यावर प्रयोगशाळेत पाल्यातलं शिसं वाळलेल्या वजनाच्या एक टक्क्याच्या वर गेलं. तो आकडा धरला तर एका पिकाला ६०० ग्रॅम, म्हणजे तेरा-चौदा पिकांत काम फत्ते. पण प्रयोगशाळेतली कुंडी वेगळी आणि उघडं शेत वेगळं. शेतात हा आकडा फार खाली येतो. शिवाय नांगीत धरलेलं सगळं शिसं मुळं घेत नाहीत. उरलेलं पावसाबरोबर खाली झिरपतं, आणि ईडीटीए लवकर मोडत नसल्यामुळे ते भूजलापर्यंत जाऊ शकतं. मातीतलं विष विहिरीत ढकलणं ही काही सफाई नव्हे. म्हणूनच पुढे या पद्धतीचा उत्साह ओसरला, शास्त्रज्ञ लवकर मोडणाऱ्या रसायनांकडे वळले, आणि फायटोटेक कंपनीही १९९९ मध्ये एडनस्पेस या दुसऱ्या कंपनीने घेतली.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, ईडीटीए विकत मिळतं म्हणून ते घरच्या वाफ्यात कुणीही घालू नये. दुसरी जास्त महत्त्वाची. कुठे तरी वाचून 'मोहरी शिसं शोषते' म्हणून कुणी भिंतीलगत मोहरी पेरली आणि मग 'पाला वाया कशाला घालवा' म्हणून त्याची भाजी केली, तर काय होईल, याचा विचार करा. सफाईला लावलेलं पीक खायचं नसतं, जनावरांना घालायचं नसतं, कंपोस्टमध्येही टाकायचं नसतं.

सूर्यफुलाचा धडा

झाड तेच, पण जागा बदलली की निकाल कसा बदलतो, याचं उत्तम उदाहरण म्हणजे सूर्यफूल. १९९० च्या दशकात चेर्नोबिलजवळच्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावली गेली. त्यांच्या मुळांनी पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम चांगलं ओढून घेतलं. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानमध्ये लोकांनी मोठ्या आशेने शेतात सूर्यफुलं लावली. फुलं सुंदर आली, पण सीझियम जमिनीतच राहिलं, कारण चिकणमातीच्या कणांनी ते घट्ट धरून ठेवलं होतं. तिथे शेवटी वरची माती खरवडून काढण्यावरच भर द्यावा लागला. झाडाची ताकद अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी, मातीची पकड किती घट्ट.

आणि ही पकड सोडवण्याचा विषय निघाला, की येतो आईंचा पहिला प्रश्न. माती धुता येत नाही का?

रिठ्याचं न्हाणं

तेलकट भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. साबण लागतो. साबणाच्या प्रत्येक कणाला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला तेल. पाण्यात साबण पुरेसा झाला, की शेपटं आत आणि डोकी बाहेर असे गोल घोळके तयार होतात. तेलाचा अंश त्या घोळक्याच्या पोटात बसतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर या सगळ्यांत हे जे काम करणारं द्रव्य असतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात.

मातीच्या बाबतीतही हीच युक्ती. जमिनीत मुरलेलं इंधन तेल, कारखान्यातली सॉल्व्हंट्स, जुनी कीटकनाशकं ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. मातीच्या कणांना तेलकट चिकटून राहतात. एका बाजूने सर्फॅक्टंटचं पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूने उपसून घ्यायचं. १९९६ मध्ये युटा राज्यातल्या हिल हवाई दलाच्या तळावर टेक्सास विद्यापीठाच्या मंडळींच्या साहाय्याने असा प्रयोग झाला. जमिनीखाली साचलेल्या सॉल्व्हंटचा ९८ टक्क्यांहून जास्त भाग निघाला. तिथे एक सोय होती. खाली चिकणमातीचा न झिरपणारा थर बशीसारखा होता, त्यामुळे सुटलेलं विष आणखी खोल गेलं नाही. अशी बशी नसेल तर हाच उपाय अपाय ठरतो.

आता आपल्या ओळखीचं पात्र. रिठ्याचं साल पाण्यात चोळलं की फेस येतो, तो त्यातल्या सॅपोनिनचा. तेही एक सर्फॅक्टंटच, फक्त झाडावर पिकलेलं. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत काही भारतीय वंशाच्या संशोधकांनी रिठ्याचं पाणी मातीच्या नळकांड्यांतून सोडून पाहिलं. मातीत हेक्झाक्लोरोबेंझीन हे जुनं, चिवट विष होतं. नुसत्या पाण्याच्या कितीतरी पट विष रिठ्याच्या पाण्याने बाहेर काढलं. हा निबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आज्या ज्याने नहायच्या, पैठणी आणि शालू धुवायच्या, तेच रिठे अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मातीला न्हाऊ घालत होते. रिठ्याचा फायदा असा, की तो पुढे जमिनीत कुजून जातो. कारखान्यातली काही द्रव्यं तशी सहज जात नाहीत.

काही जिवाणूही असा साबण बनवतात. नागपूरच्या नीरी या संस्थेत, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंच्या ऱ्हॅम्नोलिपिड नावाच्या साबणाने कॅडमियम आणि शिशाने दूषित माती धुऊन पाहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, नळाच्या पाण्याने जेमतेम ३ टक्के कॅडमियम आणि १० टक्के शिसं निघालं. जिवाणूंच्या साबणाने ३६ तासांत ९२ टक्के कॅडमियम आणि ८८ टक्के शिसं. म्हणजे हा साबण नुसतं तेलच नाही, धातूही धरतो. अर्थात हेही काम प्रयोगशाळेतल्या नळकांड्यातलं होतं. वीस टन माती अशी धुवायची, तर ते मळीचं पाणी गोळा करून पुन्हा शुद्ध करावं लागतं. परसात पाइप धरून होण्यासारखं ते काम नाही.

झाडं आणि साबण यांची जोडी लावण्याचे प्रयत्नही चालू आहेत. मुळांभोवती जिवाणूंची दाट वस्ती असते, आणि त्यांतले काही तेल खाऊन पचवतात. थोडा सर्फॅक्टंट घातला, की मातीला चिकटलेलं तेल सुटं होऊन त्यांच्या तोंडी लागतं. जास्त घातला, तर जिवाणूच मरतात किंवा तेल खाली वाहतं. मीठ घालण्यासारखंच आहे हे. चिमूटभर जास्त झालं की आमटी गेली.

वाळा : विष बांधून ठेवणं

सगळ्याच ठिकाणी विष काढता येत नाही. मग ते जागच्या जागी बांधून ठेवायचं, धुळीने उडू द्यायचं नाही, पावसाने वाहू द्यायचं नाही. इथे उपयोगी पडतो वाळा, तोच माठातला. त्याची मुळं सरळ खाली जातात, काही फूट खोल, आणि जाळ्यासारखी माती धरतात. खाणींच्या उघड्या ढिगाऱ्यांवर अनेक देशांत वाळा लावला गेला आहे. आपल्या नागपूरजवळच्या गुमगावच्या मँगेनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर नीरीने खत, उपयोगी जिवाणू आणि झाडं यांची सांगड घालून हिरवळ आणली, तेही याच जातीचं काम. अमेरिकेत मेरीलँडमधल्या ॲबर्डीन लष्करी तळावर १९९६ मध्ये पॉप्लरची झाडं लावली गेली, ती भूजलातली सॉल्व्हंट्स मुळांनी ओढून घेण्यासाठी. पॉप्लर म्हणजे जिवंत पंप.

डेकखालचं आर्सेनिक

आणखी एक गोष्ट घराघरातली. तुमच्या घराला जुना लाकडी डेक आहे का? २००३ च्या अखेरीपर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण मुरवलेलं असायचं. ते पावसाने झिरपून खालच्या मातीत उतरतं. फ्लोरिडामध्ये अशाच लाकडांच्या कारखान्याच्या दूषित जागेवर लेना मा यांना एक नेचा मजेत वाढलेला दिसला. तपासला, तर तो आर्सेनिक भराभर पोटात साठवत होता. 'नेचर' मासिकात २००१ मध्ये ही बातमी आली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंचे प्रयोग झालेल्या वॉशिंग्टनच्या स्प्रिंग व्हॅली भागात पुढे २००४ मध्ये हेच नेचे लावून पाहिले गेले. हा नेचा भारतातही जुन्या भिंतींवर, विहिरींच्या कठड्यांवर सहज उगवलेला असतो. आपण त्याच्याकडे कधी वळूनही पाहिलं नसेल.

मग आपण काय करायचं?

शास्त्र मोठं, परस लहान. आम्ही चौकशी करून, वाचून जे केलं आणि जे करण्यासारखं आहे, ते इथे देतो.

पहिलं म्हणजे माती तपासा. १९७८ पूर्वीचं घर असेल, मोठा रस्ता लागून असेल, किंवा शेजारी कधी काळी कारखाना असेल, तर नक्कीच. भिंतीलगतची, मधली आणि मागची माती वेगवेगळी पाठवा. एकत्र केलीत तर आकड्याला अर्थ राहत नाही.

आकडा जास्त आला, तर त्या जागी खायचं काही लावू नका. गवत किंवा झुडपं दाट लावून किंवा लाकडाच्या भुश्याचा थर देऊन माती झाका. उघडी माती म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे मुलांचे हात. भाजीसाठी जमिनीवर उंच वाफा करा, खाली कापड घाला, वर विकत आणलेली स्वच्छ माती आणि कंपोस्ट भरा. मात्र वाफ्याच्या कडेला जुनी रेल्वेची लाकडं किंवा जुन्या डेकच्या फळ्या लावू नका. आमच्या आईंचा अळू आता मागच्या कुंपणाजवळ अशाच वाफ्यात आहे, आणि दक्षिणेच्या भिंतीलगत गुलाब. गुलाबाची भाजी कुणी करत नाही.

आकडा मधला असेल तर भाजीची निवड महत्त्वाची. टोमॅटो, वांगी, मिरची, दोडका, कारलं या फळभाज्यांत शिसं फार कमी पोचतं. मुळा, गाजर, बीट मातीतच वाढतात आणि पालेभाज्यांवर धूळ बसते, म्हणून त्या उंच वाफ्यातच लावाव्यात. कंपोस्ट भरपूर घाला, आणि आम्लपणा कमी करायला चुना लागतो का, ते रिपोर्टमध्ये पाहा. माती आम्ल नसली, सेंद्रिय भरपूर असली, की शिसं तिच्यात घट्ट बसून राहतं. मघाशी जी पकड आपल्याला नको होती, ती इथे आपल्या बाजूने असते.

चपला दाराबाहेर काढायची आपली पद्धत सोडू नका. 'इथे कुणी काढत नाही' म्हणून लाजू नका. बाहेरची शिसेयुक्त धूळ घरात न येण्याचा त्याहून स्वस्त उपाय नाही. मातीतून आल्यावर मुलांचे हात धुवा. डॉक्टरांकडे रक्तचाचणीची आठवण आपणहून करा.

जुनं घर विकत घेणाऱ्यांनी जमिनीत पुरलेली तेलाची टाकी आहे का, याची तपासणी करून घ्या. न्यू जर्सीत अशा टाक्या पुष्कळ आहेत. गळकी निघाली, तर साफसफाईचा खर्च फार होतो आणि तो घरमालकाच्याच बोकांडी बसतो. रिठे आणून ते काम होणार नाही. त्याला परवानाधारक माणसंच हवीत.

आणि शिसं मातीतूनच येतं असं नाही. रटगर्सच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये अमेरिकेत आणि भारतात विकत घेतलेल्या सिंदुराचे नमुने तपासले, तेव्हा तीन चतुर्थांशांहून जास्त नमुन्यांत शिसं सापडलं. देवाऱ्हातल्या करंड्यापर्यंत लहान हात पोचत असतील, तर तो वरच्या फळीवर ठेवा.

मंडळाच्या पुढच्या रोपांच्या देवघेवीला आम्ही एक टेबल मांडणार आहोत. त्यावर मातीच्या नमुन्याच्या पिशव्या, नमुना कसा घ्यायचा याची मराठीत लिहिलेली चिठ्ठी आणि प्रयोगशाळेचे फॉर्म असतील. फॉर्म भरायला मदत करू. कढीपत्त्याचं रोप घ्यायला याल, तेव्हा एक पिशवीही न्या. इथे बाग करणारे आपले आईवडील सहा महिन्यांनी परत जातात, पण मुलं त्याच मातीत वाढणार आहेत.